कॉन्टॅक्ट लेन्स वापरताय? मग आधी पाणी लांब ठेवा: खान्देशातल्या ऊन, धूळ अन् मिरचीत लेन्स सांभाळायची पूर्ण पद्धत

लेन्सला पाणी लागू द्यायचं नाही. नळाचं नाही, बोअरचं नाही, विहिरीचं नाही, आरओचं नाही आणि सीलबंद बाटलीतलं सुद्धा नाही. हे सगळ्यात आधी लिहिते कारण मी जळगावात चष्म्याचा नंबर काढायचं आणि लेन्स बसवून द्यायचं काम करते, आणि समोर बसलेल्या माणसाला "लेन्स कशाने धुता" असं विचारलं की बरेच जण अगदी विश्वासाने सांगतात, घरी फिल्टर आहे ना, त्याच पाण्याने. खाली बरंच काही सांगणार आहे, त्यातलं बाकी विसरलात तरी एकवेळ चालेल पण एवढं विसरू नका.

कारण असं की आपल्या पाण्यात अकॅन्थअमिबा नावाचा एक सूक्ष्म जीव असतो, नळात असतो, विहिरीत असतो, टाकीच्या तळाच्या गाळात असतो, मातीत पण असतो. पिण्यात आला तर सहसा काही होत नाही. पण तो लेन्सला चिकटून बुबुळावर पोचला आणि तिथे बारीकशी खरचट असली की आत शिरतो, आणि मग जे दुखणं सुरू होतं ते डोळ्याच्या सगळ्यात वाईट दुखण्यांपैकी एक आहे, औषध महिनोन्‌महिने चालतं आणि काही जणांना शेवटी बुबुळ बदलायची वेळ येते. तो स्वतःभोवती कवच करून बसतो म्हणून पाण्यात क्लोरीन टाकून पण तो मरेल याची खात्री नसते. त्यात आपल्याकडे पाणी काही रोज येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी, ड्रम, पिंप भरून ठेवायचे आणि मग तेच पुरवायचं. दुसरी गोष्ट अशी की साध्या पाण्यात अश्रूंइतकं मीठ नसतं, त्यामुळे मऊ लेन्स पाण्यात फुगते, आकार बदलते आणि डोळ्याला घट्ट चिकटून बसते. म्हणजे पाणी अगदी निर्जंतुक असलं तरी ते लेन्ससाठी नाहीच.

आता घ्यायच्या आधीपासून सांगते.

चष्म्याचा नंबर माहीत आहे म्हणजे लेन्सचा नंबर माहीत झाला असं नसतं. चष्मा डोळ्यापासून थोडा लांब असतो, लेन्स थेट बुबुळावर बसते, म्हणून नंबर ४ च्या पुढे गेला की फरक पडायला लागतो. चष्मा −५.०० चा असेल तर लेन्स साधारण −४.७५ ची लागते, −८.०० असेल तर −७.२५ च्या आसपास. शिवाय बुबुळाची गोलाई प्रत्येकाची वेगळी, ती मशीनवर मोजावी लागते, आणि त्यावरून लेन्सचा बेस कर्व्ह, म्हणजे तिच्या आतल्या बाजूची गोलाई, ठरतो. तुमच्या लेन्सच्या खोक्यावर बीसी ८.६, डायमीटर १४.२ असं काहीतरी छापलेलं असेल बघा, त्यातलं बीसी म्हणजे हाच बेस कर्व्ह आणि डायमीटर म्हणजे लेन्सची रुंदी. सिलिंडर नंबर (बुबुळ सगळीकडून सारखं गोल नसलं की येतो तो) असेल तर टोरिक नावाची वेगळी लेन्स लागते आणि त्यात अॅक्सिस, म्हणजे त्या नंबरचा कोन, पण येतो. हे सगळं न मोजता ऑनलाइन अंदाजाने लेन्स मागवली तर ती एकतर सैल बसून दिवसभर फिरत राहते नाहीतर घट्ट बसून डोळ्याचा श्वास कोंडते. श्वास हा शब्द मी उगाच वापरत नाही, बुबुळाच्या त्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, त्याला ऑक्सिजन थेट हवेतून, अश्रूंमधून मिळतो आणि आपण त्याच्यावर झाकण ठेवतोय. म्हणून पहिल्या वेळी लेन्स घालून अर्धा तास तिथेच बसा, मग तपासणाऱ्याने मशीनखाली लेन्स हलते का, नीट मधोमध बसते का ते बघायला पाहिजे. जिथे हे न बघता नुसतं खोकं हातात देतात तिथून लेन्स घेऊ नका.

ज्यांचे डोळे मुळात कोरडे आहेत, ज्यांना शुगर आहे, जे पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेताहेत (या गोळ्यांनी डोळे फार कोरडे होतात) त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून मगच ठरवावं. आणि जिनिंगमध्ये काम करणारे, फवारणी करणारे, दिवसभर शेतात असणारे, नंदुरबारकडे मिरची वाळवायच्या पथारीवर काम करणारे, यांना मी कामाच्या वेळी चष्माच सांगते. लग्नकार्याला, फिरायला लेन्स घाला, कामावर नको. कापसाचे तंतू आणि मिरचीची धूळ लेन्सखाली गेली की डोळा चोळला जातो आणि चोळला की बुबुळ खरचटतं.

कोणती घ्यायची? बाजारात रोज फेकायच्या, पंधरा दिवसांच्या, महिन्याच्या, आणि अजूनही वर्षभराच्या मिळतात. माझं स्पष्ट मत सांगते, वर्षभराच्या घेऊ नका. जितकी लेन्स जुनी तितका तिच्यावर प्रोटीनचा आणि चरबीचा थर बसतो आणि जंतूंना घर मिळतं. आठवड्यातून एक-दोनदाच घालणार असाल तर डेली घ्या, घातली, संध्याकाळी काढली, टाकून दिली, ना डबी ना सोल्युशन (लेन्स धुवायचा आणि बुडवून ठेवायचा खास द्रव). रोज घालणाऱ्याला महिन्याची परवडते, तिथे सिलिकॉन हायड्रोजेल या प्रकारची मऊ लेन्स मागा, त्यातून ऑक्सिजन जास्त जातो. आणि महिन्याची म्हणजे पाकीट फोडल्यापासून महिना, तीस वेळा घालेपर्यंत नाही. हा गैरसमज इतका आहे की लग्नसराईत फोडलेली लेन्स "चारदाच तर घातली" म्हणून दिवाळीला बाहेर निघते! फोडलं त्या दिवशी मोबाईलमध्ये तारीख टाकून ठेवा, संपली की फेका.

रंगीत लेन्सबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. नवरीला मेकअपसोबत लेन्स लावून देतात आणि तीच जोडी आधी दुसऱ्या कुणाला लावलेली असू शकते. दुसऱ्याची लेन्स कधीच घालू नका, सख्ख्या बहिणीची सुद्धा नाही, सोल्युशनने धुवून पण नाही. झिरो नंबर असला तरी ती लेन्सच आहे, डोळ्याला तेवढीच झाकते, तिलाही मोजमाप लागतं. लग्नात पाहिजेच असेल तर महिनाभर आधी स्वतःच्या मापाची, नवीन, डेलीमधली घ्या आणि घालायची-काढायची प्रॅक्टिस करा, हळदीच्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग नको.

हात

सगळा खेळ हातांचा आहे. साबणाने वीस सेकंद, बोटांच्या पेरांपर्यंत, नखांच्या खाली. क्रीमवाला, तेलकट, जास्त वासाचा साबण नको, त्याचा थर बोटावरून लेन्सवर जातो. मग हात पूर्ण कोरडे करा. इथेच लोक चुकतात, हात धुतात आणि ओल्याच बोटावर लेन्स घेतात, म्हणजे मागच्या दाराने पाणी आलंच की. पुसायला टर्किश टॉवेल नको, त्याचे तंतू सुटतात, धुतलेला सुती पंचा किंवा टिश्यू बरा. नखं कापलेली ठेवा.

आणि मिरची. आपल्या घरात ठेचा होतो, भरताला हिरव्या मिरच्या लागतात, उन्हाळ्यात तिखट कुटायला मिरच्यांची देठं खुडायचं काम दिवसभर चालतं. मिरचीतला तिखट भाग, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून नुसत्या पाण्याने कितीही हात धुतले तरी बोटांवर राहतो. आधी गोडंतेल हातांना चोळा, मग साबणाने धुवा, मग परत एकदा साबणाने धुवा. सगळ्यात उत्तम म्हणजे सकाळी लेन्स आधी घाला, स्वयंपाक नंतर, आणि संध्याकाळी मिरचीला हात लावायच्या आधी लेन्स काढून ठेवा. तरी चुकून तिखट लेन्सवरून डोळ्यात गेलंच तर लेन्स लगेच काढायची, आणि ती परत घालायची नाही, धुवून पण नाही, कारण मऊ लेन्स जे मिळेल ते शोषून घेते. लेन्स काढल्यावर मग डोळा स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, लेन्स डोळ्यात नसताना पाण्याचं वावडं नाही.

ही शोषण्याची सवय त्या प्लास्टिकच्या जन्मापासूनची आहे. ओटो विख्टर्ले नावाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरीच, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग जोडून यंत्र केलं आणि त्यावर मऊ लेन्स ओतल्या. पाणी धरून ठेवणारं प्लास्टिक, म्हणून ते मऊ, म्हणून ते डोळ्याला टोचत नाही. पण पाणी धरतं तसंच ते डिओचा फवारा, हेअर स्प्रे, फवारणीचं औषध, धूर हे पण धरतं आणि दिवसभर डोळ्याशी ठेवतं. म्हणून डिओ, स्प्रे मारायचा तर लेन्स घालायच्या आधी मारा, नाहीतर डोळे मिटून मारा आणि हवा मोकळी होऊ द्या.

घालताना

टेबलावर बसा, समोर आरसा, खाली स्वच्छ कापड. बेसिनवर उभं राहून घालू नका, लेन्स पडली की थेट भांड्यात जाते आणि मग ती उचलून धुवून घालायचा मोह होतो. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करा, कायम, म्हणजे डावी-उजवी अदलाबदल होत नाही.

लेन्स बोटाच्या टोकावर घ्या, फाटली आहे का, कचरा आहे का बघा, मग बाजूने डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा. कडा सरळ वर जाऊन वाटीसारखी दिसली तर बरोबर, कडा बाहेर पसरून ताटलीसारखी दिसली तर उलटी आहे, सोल्युशन टाकून हलक्याने सरळ करा. उलटी घातली तर डोळा बिघडत नाही पण खुपत राहतं आणि लेन्स सारखी सरकते. काही कंपन्या लेन्सवर १२३ असं बारीक छापतात, ते बाहेरून सरळ वाचता आलं म्हणजे बाजू बरोबर.

त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी खाली ओढा, दुसऱ्या हाताने वरची पापणी मुळापासून, म्हणजे केसांजवळून, वर धरून ठेवा. नवीन माणसाचं इथेच अडतं, वरची पापणी अर्धवट धरतात आणि लेन्स जवळ आली की डोळा मिटतो. घट्ट धरा. आरशात सरळ बघा किंवा थोडं वर बघा, लेन्स अलगद टेकवा, दाबू नका, टेकली की बोट बाजूला घ्या, आधी खाली बघा, मग हळूच पापण्या सोडा, दोन-चारदा डोळा मिटा-उघडा. पाच मिनिटांनी पण काही आहे असं जाणवत असेल तर काढा, सोल्युशनने धुवा, परत घाला. तरी टोचलं तर आज लेन्स नाही, चष्मा घाला. सहन होईल म्हणून रेटायचं नाही.

पहिल्या दिवशी चार तास पुरे. मग रोज एक-दोन तास वाढवत न्या. सवय झाली तरी दिवसाला दहा-बारा तासांच्या वर नको, आणि घरी आलात की काढून चष्मा घाला. नवीन मुलांचं मन असतं की चष्मा कायमचा सुटला, पण चष्मा सुटत नाही बरं का, तो चालू नंबरचा, चांगल्या अवस्थेत घरात पाहिजेच, नाहीतर डोळा लाल झाला तरी "दिसत नाही ना" म्हणून लेन्स घातली जाते.

काजळ, आयलायनर लेन्स घातल्यावर लावा, आणि काढताना आधी लेन्स काढा मग मेकअप. पापणीच्या आतल्या कडेला काजळ घालू नका, तिथे तेलाच्या ग्रंथींची तोंडं असतात, ती बुजतात आणि काजळाचे कण लेन्सखाली जातात. डब्यातलं घरचं काजळ आणि सुरमा लेन्स असताना अजिबात नको.

काढताना

हात परत धुवून कोरडे. वर बघा, खालची पापणी ओढा, तर्जनीने लेन्स बुबुळावरून खाली पांढऱ्या भागावर सरकवा आणि मग अंगठा आणि तर्जनीच्या मऊ भागाने हलकी चिमूट घेऊन काढा. बुबुळावर असताना चिमटायची नाही, कधीच नाही, आणि नखं लागू द्यायची नाहीत. लेन्स हलतच नसेल तर ती वाळली आहे, ओढू नका. लेन्सवर चालणारे ओलाव्याचे ड्रॉप टाका, पाच-दहा मिनिटं डोळे मिटा-उघडा, सैल झाली की काढा. ड्रॉप घेताना लेन्सवर चालतात असं लिहिलेलंच घ्या. डॉक्टरांनी दुसरे कुठले औषधाचे थेंब दिले असतील तर आधी लेन्स काढायची, मग थेंब टाकायचे आणि किमान पंधरा मिनिटं थांबायचं, आणि लेन्स घालायची का हेच मुळात त्यांना विचारून.

लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन मेंदूत जाते अशी भीती खूप जणींना असते. जात नाही. पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा पापणीच्या आत वळून बंद होतो, मागे जायला वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली दुमडून बसते, खाली बघत पापणीवरून हलक्याने चोळलं की पुढे येते. नाही आली तर डॉक्टरांकडे जा, रात्रभर बोटं घालत बसू नका.

धुणं आणि डबी

काढलेली लेन्स तळहातावर घ्या, सोल्युशनचे काही थेंब, आणि बोटाने एका दिशेने हलकं चोळा, दोन्ही बाजू, साधारण वीस-वीस सेकंद. बाटलीवर "चोळायची गरज नाही" लिहिलेलं असलं तरी चोळा, जंतूंचा थर चोळल्यानेच सुटतो. मग सोल्युशनची धार सोडून धुवा. डबीत नवीन सोल्युशन भरा, लेन्स पूर्ण बुडाली पाहिजे, झाकण लावा, बाटलीवर लिहिलेत तितके तास ठेवा.

डबीतलं जुनं सोल्युशन रोज सकाळी ओतून द्यायचं. कालच्यात थोडं नवीन टाकून पातळी वाढवायची नाही, कारण कालच्याची जंतू मारायची ताकद संपलेली असते. २००६ मध्ये एक नावाजलेलं लेन्स सोल्युशन जगभरातून परत मागवलं होतं, ते वापरणाऱ्यांमध्ये फ्युजॅरियम बुरशीने बुबुळाचा संसर्ग होत होता म्हणून, आणि तेव्हा झालेल्या तपासात जुन्यावर नवीन ओतायची ही सवय पण धोका वाढवणारी निघाली. बाटलीत थोडं वाचतं, पण त्या वाचवण्यात डोळा पणाला लागतो. नॉर्मल सलाइन स्वस्त मिळतं पण ते फक्त मीठ-पाणी आहे, जंतू मारत नाही, त्यात लेन्स ठेवायची नाही. थुंकी लावून लेन्स ओली करणारे पण मी बघितले आहेत, तोंडात किती जंतू असतात हे वेगळं सांगायला नको.

हायड्रोजन पेरॉक्साइडवालं सोल्युशन उत्तम साफ करतं, पण ते त्याच्याच खास डबीत, किमान सहा तास, आणि कधीही सरळ डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, प्रचंड आग होते.

डबी सोल्युशनने धुवा, पुसा, आणि झाकणं उघडून टिश्यूवर पालथी वाळू द्या, बाथरूममध्ये नाही. दर तीन महिन्यांनी फेका, नवीन घ्या. सोल्युशनची बाटली पण फोडल्यावर साधारण तीन महिनेच, लेबलवर लिहिलेलं बघा, तोंडाला बोट लावू नका, आणि प्रवासासाठी छोट्या बाटलीत ओतून नेऊ नका, कंपनीची छोटी सीलबंद बाटलीच घ्या.

आपलं ऊन, आपली धूळ

एप्रिल-मे मध्ये जळगाव, भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा लेन्स लवकर वाळते. लेन्स उन्हाने डोळ्यात वितळते हे मात्र खोटं आहे, दरवर्षी उन्हाळ्यात कुणीतरी ते पाठवतंच. वितळत नाही, वाळते, खुपते, आणि आपण चोळतो. एसी आणि कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊ नका, जाणूनबुजून पापण्या मिटत राहा, मोबाईल बघताना आपण पापण्या मिटायचंच विसरतो. सोल्युशन आणि डबी गाडीच्या डिक्कीत, कारच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, तिथली गरमी बाहेरच्याहून कितीतरी जास्त असते आणि सोल्युशन खराब होतं.

गाडीवर पूर्ण काचेचं हेल्मेट नाहीतर बाजूने बंद गॉगल. हायवेच्या कामाची धूळ, उसाच्या-केळीच्या ट्रकमागची माती, कडब्याचा भुसा, यातलं काही उडून डोळ्यात गेलं तर गाडी बाजूला लावा आणि लेन्स काढा, चोळत घरापर्यंत येऊ नका. झाडाचा, पिकाचा कण लागून झालेली खरचट जास्त धोक्याची, त्यातून बुरशी होते आणि ती हळूहळू वाढते, सुरुवातीला फार दुखतही नाही. लेन्स यूव्ही अडवणारी असली तरी उन्हाचा गॉगल लागतोच, ती फक्त बुबुळ झाकते. वेल्डिंगकडे लेन्स असो वा नसो, उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही.

पाणी परत एकदा, आणि झोप

आंघोळीला लेन्स नाही. विहिरीत पोहायला, तापीवर, स्विमिंग टँकला, उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, वॉटर पार्कला, पहिल्या पावसात भिजायला, कुठेच नाही. धुळवडीला तर मुळीच नाही, रंग लेन्समध्ये मुरतो आणि दिवसभर डोळ्याला चिकटून राहतो, जुना चष्मा घालून खेळा. चुकून पाणी गेलंच तर लेन्स काढून फेका, महिन्याची असेल तर निदान चोळून धुवून रात्रभर ताज्या सोल्युशनमध्ये ठेवा, पण मी म्हणेन फेकाच.

झोपताना लेन्स काढायची. लेन्स घालून झोपलं की डोळ्याच्या संसर्गाची शक्यता सहा ते आठ पटीने वाढते, कारण मिटलेल्या पापणीखाली हवा आधीच कमी आणि वरून लेन्स. दुपारची डुलकी पण यात आली. आपल्याकडे पुण्या-मुंबईला जाणारी रात्रीची ट्रॅव्हल्स ही खरी अडचण, मुलं लेन्स घालूनच चढतात आणि पहाटे लाल डोळ्यांनी उतरतात. गाडीत हलत्या बर्थवर काढायचा प्रयत्न करण्यापेक्षा घरून निघतानाच काढा, चष्मा लावा, सोबत डबी, छोटी बाटली ठेवा, सकाळी मुक्कामी साबणाने हात धुवून घाला. रेल्वेच्या बेसिनवर लेन्सचं काही करू नका.

डोळे आले असतील तर, २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर आली होती तशी साथ असो नाहीतर एकट्याला आले असोत, लेन्स बंद. तेव्हा वापरात असलेली जोडी आणि डबी दोन्ही, डॉक्टरांना दाखवून झालं की, फेका, बरं झाल्यावर डॉक्टर हो म्हणतील तेव्हा नवीन जोडी सुरू करा. सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्यांनी पण डोळे कोरडे होतात, त्या दिवसात वेळ कमी करा.

डोळा लाल झाला तर

रोज आरशात तीन गोष्टी बघा, डोळा लाल आहे का, दुखतोय का, नीट दिसतंय का. काहीही बिनसलं असेल तर लेन्स काढा. काढल्यावर तासाभरात सगळं शांत झालं तर ठीक, दोन दिवस चष्मा वापरा. पण दुखणं, लाली राहिली, उजेड सहन होत नाही, पाणी वाहतंय, धूसर दिसतंय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, चष्म्याच्या दुकानात नाही, माझ्यासारखीकडे पण नाही, डॉक्टरांकडे. काही जंतू असे असतात की एक-दोन दिवसात बुबुळ खाऊन टाकतात आणि मग कायमचं फूल पडतं.

आणि मेडिकलवरून "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हणून ड्रॉप आणू नका, हे मी हात जोडून सांगते. त्यातल्या बऱ्याच ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने लाली जाते, दुखणं कमी होतं, माणसाला वाटतं बरं झालं, आणि आत बुरशी किंवा विषाणू मोकाट वाढतो. आठवड्याभराने डॉक्टरांसमोर जातो तेव्हा उशीर झालेला असतो. गुलाबपाणी, मध, तूप, कांद्याचा रस, बाळंतिणीचं दूध, काहीही घालू नका. डोळ्यावर पट्टी बांधू नका, झाकलेल्या उबेत जंतू अजून वाढतात.

जाताना काढलेली लेन्स फेकू नका, डबी, सोल्युशनची बाटली सगळं पिशवीत घालून सोबत न्या, कारण लॅबमध्ये त्यातून जंतू शोधता येतो आणि नेमकं औषध मिळतं. लेन्स घालून झोपलात का, पोहलात का, नळाच्या पाण्याने धुतली का, शेतात काही लागलं का, मेडिकलचे कुठले थेंब टाकले, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा, रागावतील म्हणून लपवू नका, त्यावरच त्यांचं औषध ठरतं. आणि परत लेन्स कधी सुरू करायची ते डॉक्टरच सांगतील, दुखायचं थांबलं म्हणून आपल्या मनाने नाही.

बाकी दरवर्षी एकदा नंबर आणि बुबुळ तपासून घ्या. नंबर तपासायला जाताना त्या दिवशी लेन्स घालून जाऊ नका, आणि लेसरने नंबर घालवायचं ऑपरेशन करायचं मनात असेल तर मऊ लेन्स किमान एक-दोन आठवडे आधी बंद करावी लागते, कडक लेन्स त्याहून जास्त दिवस, कारण लेन्सने बुबुळाची गोलाई थोडी बदललेली असते आणि चुकीच्या मापावर ऑपरेशन होता कामा नये. नक्की किती दिवस ते ऑपरेशन करणाऱ्यांना आधी फोन करून विचारून घ्या. वापरून झालेल्या लेन्स बेसिनमध्ये, संडासात सोडू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका.